राखून ठेवलेला दिवस

नापोक्लु, कोडगू
२ सप्टेंबर १९७०

ती. अण्णास,
अभयमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

नऊ वर्षं मी तुला पोंगलला दोन ओळी आणि दिवाळीला दोन ओळी लिहीत आले. आज अख्खा कागद घेतलाय म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत.

आपल्या पोन्नीचं ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, नाव नटेशन, म्हैसूरला शाळेत गणित शिकवतो. बोलतो कमी, जेवतो नीट. पोंगल झालं की तै महिन्यात लग्न, इथेच मळ्यावर. बोलणी करायला आले त्यात मुलाची आजी होती. म्हातारीनं हुंडा विचारला नाही, सोनं विचारलं नाही. निघताना तेवढं विचारलं की मुलीचा मामा कुठे आहे, मुलीला हार घालून मांडवात कोण आणणार. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले आणि कॉफी वाळवायच्या खळ्यावर जरा नजर टाकून येतो म्हणून बाहेर गेले. ऑगस्टात खळ्यावर काय असतं अण्णा? शेवाळ.

पोन्नीनं तर सांगूनच टाकलंय की मामा आला नाही तर ती मांडवात जायची नाही, ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून राहील, नवऱ्यानं हवं तर तिथे येऊन गणितं सोडवावीत. ह्यांचं म्हणणं एवढंच, की अण्णाला पत्रिका टपालानं जाऊ दे. टपालाच्या पत्रिकेवर मामा येत नसतो. पानसुपारीचं ताट घेऊन मुलीच्या बापानं स्वतः जावं लागतं. हे त्यांनाही ठाऊक आहे नि तुलाही.

तू विसरला असशील म्हणून पुन्हा लिहिते. नऊ वर्षांपूर्वी तुळा महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही कावेरीच्या स्नानाला मायवरमला पोहोचलो ते उशिरा. मोठी बुडी होऊन गेली होती. लोक घाटावर ओले पंचे पिळत उभे होते. हे पायऱ्या उतरत होते. जन्मापासून डावा पाय आखूड, त्यात पायऱ्या निसरड्या. आणि तू खालून, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडलास की सावकाश या माप्पिळ्ळै, जावईबापू, घाई कसली, तुमच्यासाठी तर देवानं उद्याचा दिवस राखून ठेवलाय! घाट हसला. भांड्यावाल्याची पोरं हसली, गुरव हसले, नदीतला दगडी नंदी तेवढा हसायचा राहिला. हे अर्ध्यातून मागे फिरले.

तेव्हापासून त्यांनी कावेरीत पाऊल घातलेलं नाही. तिकडे नाही आणि इकडेही नाही. दर तुळा संक्रमणाला मळ्यावरच्या सगळ्यांना तलकावेरीला उगमावर घेऊन जातात, आणि स्वतः खाली पायऱ्यांशी बसून पन्नास माणसांच्या चपला राखतात.

लग्नात बाप एका खांबाशी आणि मामा दुसऱ्या खांबाशी पाठ करून उभा, असं मला नको आहे. काय करावं ते मला सुचत नाही. तुला सुचतं का बघ. फक्त विनोद करू नकोस.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण रागाच्या भरात का होईना, चार ओळी लिही.

तुझी धाकटी,
अभयम


॥ मयूरनाथ सहाय ॥
मायवरम
१२ सप्टेंबर १९७०

चि. सौ. अभयम हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भट्टीपाशी होतो. पहिली ओळ वाचायला घेतली आणि शेवटच्या ओळीला आलो तोवर दहा शेर बी कोळसा झालं होतं. कॉफीचं बी भाजताना चुरचुरतं, मग तडतडतं, मग गप्प होतं; तडतड थांबली की उतरवायचं, हे मी स्टेशनवरच्या हॉटेलात कपबश्या विसळत असताना नुसतं कानांनी शिकलो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कानांनी दगा दिला. नुकसान पोन्नीच्या खात्यात. गणिताचा मास्तर मिळालाय तर त्याच्याकडून हिशेब करून घे म्हणावं.

यंदा धरणाचं पाणी वेळेवर सुटलं. आपल्याकडे पोहोचलं त्या सकाळी दुकानाची फळी काढताना बंधाऱ्याकडून आवाज ऐकला आणि तुझ्या वहिनीला म्हटलं, मंगळम, ऊठ, माहेरवाशीण आली. तुमच्याकडे ती ओंजळीएवढी जन्मते. श्रीरंगमला पसरते ती या काठावरून त्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. आणि आमच्यापर्यंत येता येता या कालव्याला दे, त्या शेताला दे, असं करत पुन्हा बारीक होऊन जाते, घरच्या थोरल्या सुनेसारखी. तरी तुळा महिन्यात गंगासुद्धा आपली पापं धुवायला आमच्याच घाटावर येते. मोठेपणा रुंदीवर नसतो, हे मी माझ्या चिंचोळ्या दुकानावरून सांगतो.

आता मुद्द्याचं. मी बोललो ते बोललो. पण अभयम, मी काही नवीन बोललो का? अख्खं मायवरम पिढ्यान्‌पिढ्या हेच बोलतं. एक लंगडा भक्त तुळास्नानाला निघाला, महिना सरला तरी पोहोचला नाही, रडला, तेव्हा देवानं त्याच्यासाठी कार्तिकैचा पहिला दिवस वाढवून दिला. त्या दिवशी बुडी मारली तरी पुण्य तेवढंच. ही देवाची माया आहे. तिच्यात अपमान कुठून शोधला माप्पिळ्ळैंनी? मी रोज शंभर गिऱ्हाइकांना चिडवतो, शंभरही दुसऱ्या दिवशी येतात.

तरी तू म्हणतेस तर झालं गेलं विसरू. तुम्ही तिघं तुळा महिन्याच्या शेवटच्या दिवशी इकडे या. मी मोटार पाठवतो, थेट तुमच्या दारात. घाटावर भोयांना सांगून ठेवतो, माप्पिळ्ळैंना खुर्चीत बसवून वाजतगाजत पाण्यापर्यंत उतरवू. नादस्वरम लावू. नऊ वर्षांपूर्वी जेवढे लोक हसले त्या सगळ्यांना बोलावून प्रत्येकाला माझ्यातर्फे कॉफी पाजतो. मग तरी राग जाईल की नाही?

पोन्नीला सांग, झोपाळ्याच्या कड्या तपासून ठेव, तुझा मामा आता अडीच मणाचा झालाय.

अण्णावर माया आहे ती पातळ करू नकोस, दुधात पाणी घालणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

तुझा,
वैद्यलिंगम अण्णा


नापोक्लु
२२ सप्टेंबर १९७०

अण्णास,
नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा हे घरात होते. मला इतका आनंद झाला की आधी स्वतः न वाचताच मोठ्यानं वाचायला लागले. माझीच चूक. थोरल्या सुनेपर्यंत हे मिशीत हसत होते, खरंच हसत होते. मग खुर्ची आली. मग भोई आले. नादस्वरम आलं तेव्हा ह्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, तुझ्या भावाला माझ्या पायाची वरात काढायची हौस फिटली नाही अजून. आणि गेले शेवाळ बघायला.

अण्णा, तुला वाटतं की तू चारचौघांत मोडलंस ते चारचौघांना कॉफी पाजून जोडता येईल. तू दुकान उभं केलंस, घर उभं केलंस, बाबा गेल्यावर मला उभं केलंस. म्हणून तुला वाटतं सगळंच उभं करता येतं.

आता एक गोष्ट लिहिते, जी लिहायची नाही असं ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. वचन मोडतेय.

त्या वर्षी वहिनी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती, आठवतं? महिनाभर ताप. तू लिहिलं होतंस की मंगळम घाटावर जाण्याचा हट्ट करते, तुळास्नान चुकणार म्हणून रडते. ते पत्र ह्यांनी वाचलं. संक्रमणाच्या दिवशी तलकावेरीला कुंडात पाणी उसळलं त्या घटकेला एक पितळी कळशी भरून घेतली. माणूस नदीपाशी जाऊ शकत नसेल तर नदीनं माणसापाशी जावं, असं म्हणाले. त्या कळशीवर दिवा लावून पूजा केली आणि महिनाअखेर ती खांद्यावर घेऊन आम्ही निघालो.

तीर्थाची कळशी जमिनीला टेकवायची नाही, हा त्यांचा नवस होता. म्हैसूर ते ईरोड बसमध्ये मांडीवर. ईरोड ते तिरुच्ची खांद्यावर. तिरुच्चीला तुळेची गर्दी, डब्यांना माणसं लटकलेली. आखूड पाय आणि एक हात कळशीला; चढणार कसे? हमाल म्हणाला, भांडं आधी आत ठेवा, मग तुम्ही चढा. हे म्हणाले, ठेवता येत नाही. एक गाडी सोडली. मी म्हटलं माझ्याकडे द्या. म्हणाले, नवस माझा आहे. दुसरी गाडी सोडली. तिसरीत एका म्हाताऱ्या मुसलमान पोलिसानं लोकांना बाजूला सारून चढवलं. म्हणून उशीर झाला, अण्णा. पायामुळे नाही.

तू ओरडलास तेव्हा ती कळशी त्यांच्या खांद्यावर होती, लाल कापडात बांधलेली. परत फिरलो तेव्हा मला वाटलं थेट स्टेशन. पण हे गावाबाहेर धोब्यांच्या घाटाला गेले, काठावरूनच वाकून वहिनीचं नाव घेऊन पाणी नदीत ओतलं, कळशी विसळली आणि मग स्टेशनचा रस्ता धरला. वाटेत एवढंच बोलले की दिलेलं सांगत फिरायचं नसतं.

मोटार पाठवू नकोस.

अभयम


मायवरम
१ ऑक्टोबर १९७०

चि. अभयम हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळमनं वाचून दाखवलं. चष्मा सापडत नाही असं मी सांगितलं होतं. खरं म्हणजे पहिल्या दोन ओळींतच मला पुढचं वाचायचा धीर होईना. कळशीपाशी ती थांबली. मग उरलेलं मनातल्या मनात वाचलं, कागद घडी करून कुंकवाच्या डब्याखाली ठेवला आणि बोटं मोजायला लागली. म्हणाली, माझा ताप कार्तिकैच्या चौथ्या दिवशी उतरला. मी म्हटलं, डॉक्टरच्या गोळ्यांनी उतरला. ती म्हणाली, डॉक्टर कोणत्या घाटावर होता?

चार दिवस झाले, मला घरात कॉफी मिळालेली नाही. गावातली अडीचशे घरं माझी पूड पितात आणि मी सकाळी तांदळाची पेज पितो. तक्रार नाही.

तुला एक सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. माझे कान तिखट आहेत असं सगळे म्हणतात. मग तो कागद काढून मी स्वतः वाचला. त्या दिवशी मला ते लाल कापड दिसलं होतं. पाहिल्याचं आठवतंय. पण माझं लक्ष डोळ्यांत नव्हतं, कानांत होतं. घाटावर माणसं भरलेली, आणि मी बोललो की हसतात, हे मला माहीत होतं. हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्या पोराचं कुणी ऐकत नाही गं. एकदा लोक ऐकायला लागले की त्याची चटक लागते. माप्पिळ्ळै मागे फिरले तेव्हाही मी हसण्याचाच आवाज ऐकत होतो, किती दूरपर्यंत गेला ते.

मी येतो. संक्रमणाला, उगमावर. दुकान मंगळम बघेल. ती म्हणाली की मी नसलो तर गिऱ्हाइकं दोन वाढतील. मोटार नाही, नादस्वरम नाही, एकटा येतो. पण त्यांना विचार आधी. न विचारता येऊन थडकलो तर ती परत माझीच वरात होईल. नको म्हणाले तर नको लिही, मी ते वाचायला चष्मा शोधून ठेवतो.

तुझा,
अण्णा


नापोक्लु
८ ऑक्टोबर

ती. अण्णास, नमस्कार.

कार्डावरच लिहिते, घाई आहे. विचारलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तलकावेरी काय माझ्या बापाची आहे? ज्याला यायचं त्यानं यावं. मग जेवताना आपणहून म्हणाले की पाऊस अजून आहे, डोंगरात जळवा आहेत, सपाटीवरच्या माणसाला ठाऊक नसतं, चुना बरोबर ठेवायला कळव. यातलं कुठलं उत्तर समजायचं ते तू ठरव. पाणी उसळण्याची घटका १७ तारखेला सकाळी अकरा अठराला. पुढे तिथे जादा दिवस नसतो, घटका गेली की गेली. आम्ही आदल्या दिवशीच वर जाऊ. भागमंडलला तुझ्यासाठी मळ्याची जीप उभी राहील.

अभयम


नापोक्लु
२० ऑक्टोबर १९७०

ती. मामींस,
पोन्नीचा शि. सा. न. वि. वि.

मामा सुखरूप आहेत, हे आधी. सुखरूप म्हणजे गुडघे सोडून बाकी सगळे. अम्माला लिहायला सांगितलं तर ती चार ओळींत उरकेल आणि अप्पा तर लिहीतच नाहीत, म्हणून मी लिहिते. मी सगळं पाहिलंय.

मामांनी जीप परत पाठवली! ड्रायव्हर रिकामी जीप घेऊन वर आला आणि म्हणाला की एक जाडे गृहस्थ भेटले, पण ते म्हणतात माझ्या मेहुण्यानं दोन गाड्या सोडल्या, मी एक जीप सोडली तर काय बिघडलं, चालत येतो. भागमंडलहून वर पाच मैल आहे मामी, आणि सगळी चढण. अम्मानं कपाळावर हात मारला. ती म्हणाली, याच्या गावात उंच असं एक गोपुरच आहे, तेही हा कधी चढलेला नाही.

अकरा अठरा झाले. कुंडात पाणी उसळलं, लोकांनी जयजयकार केला, बाटल्या भरल्या, मोठ्या तळ्यात बुड्या मारल्या. मामांचा पत्ता नाही. अप्पा नेहमीसारखे खाली पायऱ्यांशी चपलांच्या ढिगात बसले होते. पण या वेळी चपलांकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

दीड वाजता मामा दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कुणाच्या तरी कुंपणाची काठी, पोटरीवर तीन जळवा, चुन्याची डबी खिशात तशीच. लोक खाली उतरायला लागले होते ते सगळे थांबले. मळ्यावर हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. मला तर वाटलं आता अप्पा बोलणार. नऊ वर्षं जे वाक्य गिळून बसले ते परत देण्याइतकी चांगली जागा पुन्हा मिळणार होती का?

मामांनी हळू आवाजात विचारलं की झालं का सगळं. अप्पा म्हणाले, दोन तास झाले. बस्स, एवढंच.

मामा वर गेले नाहीत. अप्पांशेजारी चपलांतच बसले. मग माणसं येत गेली, चपला मागत गेली, आणि मामा त्या उचलून द्यायला लागले. सगळ्या चुकीच्या! कुट्टनला चिन्नम्माच्या, चिन्नम्माला चौकीदाराच्या. अप्पा प्रत्येक वेळी त्यांच्या हातातून घेऊन सांगायचे की ही नव्हे, सुतळीनं बांधलेली ती चिन्नम्माची; टाच झिजलेली ती कुट्टनची, तो पाय घासत चालतो. असं अर्धा तास चाललं. अम्मा पदर तोंडाला लावून उभी होती, हसत होती की काय ते मला कळलं नाही.

सगळे गेल्यावर मामा म्हणाले, त्या दिवशी तुमच्या खांद्यावर काय आहे ते मी बघायला हवं होतं. अप्पांनी विचारलं, बघितलं असतं तर बोलला नसता? मामी, मला वाटलं मामा पटकन नाही म्हणतील. पण त्यांनी विचार केला. चांगला विचार केला. मग म्हणाले, बोललो असतो. तेव्हा जीभ माझ्या ऐकण्यात नव्हती. तेव्हा अप्पांच्या नाकातून एक आवाज आला. अम्मा म्हणते तो हुंकार होता. मी सांगते, ते हसू होतं.

अम्मानं लगेच दोघांना तळ्याकडे पिटाळायला सुरुवात केली, आता जोडीनं बुडी मारा म्हणून. अप्पा म्हणाले, इथे नाही. अर्धी राहिलेली बुडी जिथली तिथे पुरी करायची असते. म्हणजे कधी, असं अम्मानं विचारलं, तर म्हणाले, बघू.

जीपमधून उतरताना मामांचे गुडघे फणसाएवढे झाले होते. तीन दिवस ओसरीवर पडून आहेत. अप्पा सकाळ-संध्याकाळ गरम मिठाची पुरचुंडी शेकायला आणून देतात आणि खळ्यावर जातात. मामांनी काल मला हळूच विचारलं की खळ्यावर या दिवसांत असतं तरी काय.

डॉक्टर म्हणतात, आता काठी लागेल. परवा गाडीत बसवून देतो. तुम्ही त्यांना कॉफी द्याल ना? मी शब्द दिलाय.

तुमच्या मायेची हक्काची वाटेकरी,
पोन्नी


॥ मयूरनाथ सहाय ॥
मायवरम
१७ नोव्हेंबर १९७०

चि. सौ. अभयम हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलं होतंस की माप्पिळ्ळै १३ तारखेला घरून एकटेच निघाले, पोन्नीचं ठरल्यामुळे तिला प्रवास नको आणि तुला तिला सोडवत नाही. मी हिशेब केला, १५ ला शेवटचा दिवस, मोठी बुडी. १४ ला नक्की पोहोचतात. १४ ला तीन गाड्या बघितल्या. १५ ला पहाटेपासून फलाटावर बसलो, काठी मांडीवर घेऊन. प्रत्येक डब्यातून माणसं सांडत होती. दुपारी घाटाकडून ढोल ऐकू आले, मग मोठा गलका, मग शांत. मोठी बुडी झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मी पाण्यात नसताना झाली. स्टेशनमास्तर म्हणाला, अहो, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, उशिरा येणाऱ्याची.

घरी आलो तर मंगळमनं एकच पेला कॉफी समोर ठेवली आणि म्हणाली, ते रागावून आले नाहीत असं समजू नका. ते तुमच्यासारखे नाहीत, ते काही करायचं ठरवलं की करतात.

काल सकाळी दुकानाची फळी काढली तर समोर माप्पिळ्ळै. खांद्याला पिशवी, कपड्यांची घडीही मोडलेली नाही. दोन दिवस कुंभकोणमला नवऱ्यामुलाच्या घरी होते! मांडवाचं, आचाऱ्याचं बोलत. तासाभराच्या वाटेवर. मी म्हटलं, अहो, काल का आला नाहीत, मोठी बुडी चुकली, माझीही चुकली. त्यांनी चप्पल काढली, पाय धुतले, मंगळमच्या हातची कॉफी घेतली आणि मग सांगितलं की काल सगळ्यांचा दिवस होता. आज माझा आहे, तुम्हीच सांगितला होतात. आवाजात एवढासाही डंख नव्हता. मी कान लावून ऐकलं.

अभयम, मी जन्मलो इथे, पण कार्तिकैच्या पहिल्या दिवशी मी कधी घाटावर गेलो नव्हतो. आम्ही तिला शिळी बुडी म्हणायचो. काल पाहिलं. ढोल नाही, ढकलाढकली नाही. वैदीश्वरन कोविलकडचा एक आंधळा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला होता. बाळंतिणी होत्या, कंबर वाकलेल्या म्हाताऱ्या होत्या, बस बंद पडली म्हणून आदल्या दिवशीची बुडी चुकलेलं एक अख्खं वऱ्हाड होतं. कुणी कुणाला घाई करत नव्हतं. पाणीसुद्धा सावकाश चाललं होतं. सगळे थांबत थांबत पायऱ्या उतरत होते आणि त्यांच्यात आम्ही दोघे, एक काठीवाला नि एक बिनकाठीचा. चौथ्या पायरीवर माझा गुडघा अडला. माप्पिळ्ळै एक पायरी खाली उतरले, दंड पुढे केला आणि म्हणाले, आधी दुखरा पाय खाली टाका, चांगला मागून, चढताना उलटं. आयुष्यभराचं शिक्षण त्यांनी मला एका ओळीत देऊन टाकलं.

कमरेएवढ्या पाण्यात गेलो. मी नाक धरणार तेवढ्यात म्हणाले, थांबा. डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडला, त्यात केळीच्या पानाची पुडी होती, कोरडी. विड्याची पानं, सुपारी, कुंकू, हळद लावलेली पत्रिका. म्हणाले, ताट आणलं असतं, पण एका हातानं तुम्हाला धरायचं होतं. माझ्या ओंजळीत पुडी ठेवली आणि नदीत उभं राहून रीतसर बोलले, की माझ्या मुलीचं लग्न आहे, मामानं येऊन तिला मांडवात आणावं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर माझ्या आधी तेच पुढे बोलले, अगदी गंभीर चेहऱ्यानं, आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: पण वेळेवर या हं अण्णा. लग्नाला देवानं दुसरा दिवस राखून ठेवलेला नाही.

आंधळा हसला, बाळंतिणी हसल्या, चुकलेलं वऱ्हाड हसलं. अख्खा घाट माझ्यावर हसला, अभयम. बाजारात प्रत्येकाला उत्तर देणारा मी, नुसती मान हलवून हो म्हटलं. पुडी वरच्या पायरीवरच्या एका म्हातारीच्या हातात दिली, माप्पिळ्ळैंचा दंड धरला आणि आम्ही बुडी मारली. ते लगेच वर आले. मी जरा वेळ लावला. पाण्याखाली माणसाचं तोंड कसं होतं ते घाटावरून दिसत नाही.

मंगळम त्यांना आठवडाभर सोडत नाही म्हणते. मळ्यावर तोडणी सुरू झाली असेल, खळं कोण बघतंय ते कळव; मी त्यांना सांगितलंय की आता तिथे शेवाळ नाही, फळं आहेत. पोन्नीला म्हणावं, झोपाळा काढून ठेव.

आम्हा दोघांवर जीव आहे तेवढा असू दे, जास्त मागत नाही.

तुझा,
अण्णा